एकोणिसावी चिप

नळी रिकामी आहे हे कळलं तो मंगळवार होता.

त्या दिवशी सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या शाळेच्या बाई एक चपटा डबा काखेत मारून मेकॅनिकच्या दुकानात आल्या. मेकॅनिक म्हणजे टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करणारा. तीस वर्षं तो तेच करत होता, त्यामुळे सगळं गाव त्याला मेकॅनिकच म्हणे. त्याला नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, ते आठ महिन्यांपूर्वी गेलं.

डबा म्हणजे घरगुती कॉम्प्युटर होता. कीबोर्ड आणि मशीन एकाच डब्यात, मागून टीव्हीला जायची वायर, बाजूने कॅसेटला जायची. टीव्हीच्या निम्म्या किमतीत मिळतो म्हणून बाईंनी घेतला होता. त्यांची तक्रार अशी की गार असताना तो शहाण्यासारखा वागतो आणि पाऊण तास झाला की त्याला भ्रम होतो. पडद्यावर अक्षरांचा कचरा होतो आणि टाइप केलेलं सगळं जातं. बेचाळीस मुलांचे मार्क त्यांनी तीन वेळा घातले होते आणि तिन्ही वेळा ते गेले होते. त्या म्हणाल्या, एवढ्या वेळात मी सगळ्या वर्गाची परीक्षा पुन्हा घेतली असती.

मेकॅनिकने डबा उलटा केला. खाली भोकं चार होती आणि स्क्रू तीन. तिथेच त्याचा हात जरा थबकला. चाराच्या जागी तीन स्क्रू लावणारा एकच कारखाना त्याला ठाऊक होता, आणि तो त्याच्या साडूचा होता. साडू प्लास्टिकची खेळणी आणि स्वस्तातले रेडिओ करायचा. मेकॅनिकची बायको म्हणायची, आमच्या धाकटीच्या नवऱ्याला देवाने दोन डोळे दिले, हे त्याला उधळपट्टीच वाटत असणार.

त्याने झाकण काढलं आणि आतला बोर्ड बघितला.

बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा कोपऱ्याशी आल्या की बाकीचे लोक त्या काटकोनात वळवतात, नाहीतर तिरक्या नेतात. या बोर्डावर एकही रेघ तशी वळलेली नव्हती. प्रत्येक रेघ कोपऱ्याशी येऊन हळूच गोल फिरत होती, कापड बेतताना बाहीचा मुंढा फिरतो तशी. असं वळण काढणारा दुसरा हात त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने चिपा मोजल्या. अठरा भरल्या. पुन्हा मोजल्या. एकोणीस हव्या होत्या.

बाईंना त्याने उद्या या म्हणून सांगितलं, भर अकरा वाजता दुकानाचं शटर ओढलं आणि तो घरी गेला. कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागे, कागद ठेवायची लांब पुठ्ठ्याची नळी होती. ती खाली काढतानाच वजनावरून त्याला कळलं. तरी त्याने दोन्ही टोकांची झाकणं काढून डोळा लावला. नळीतून समोरची खिडकी दिसली.

मग तो पलंगावर बसला आणि बराच वेळ नळी मांडीवर घेऊन राहिला. बायको गेली त्या दिवशी माणसं होती, धावपळ होती, कुणी ना कुणी हाताला धरून बसवत होतं. या दिवशी कुणीच नव्हतं. ती दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी तिला कुणीतरी नेलं होतं.

कोणी नेलं हे शोधायला फार डोकं लागत नव्हतं. ती गेल्यावर साडू चार दिवस त्यांच्याकडे राहिला होता. सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांच्या चपला नीट लावल्या, आणि चौथ्या दिवशी म्हणाला होता, साडूभाऊ, तुम्ही बसा, ताईंचं कपाट मी आवरतो. मेकॅनिकने तेव्हा त्याचे आभार मानले होते. आता ते आभार परत घेता येत नव्हते.

ते मशीन कसं झालं होतं, ते सांगायला हवं.

त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात बेतकाम करायची. ऐंशी थर कापड टेबलावर पसरायचं, त्यावर शर्टाचे कागदी तुकडे असे मांडायचे की मध्ये बोटभर कापडही फुकट जाऊ नये. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला एकदा नवऱ्याने कुणाचा तरी महागडा कॉम्प्युटर उघडून दाखवला. बघून ती म्हणाली, केवढं कापड वाया घालवलंय यांनी.

तिथून ते सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की स्वयंपाकघरातलं टेबल पुसायचं आणि कामाला लागायचं. चिपा कशा चालतात ते तो सांगायचा, त्या कुठे बसवायच्या ते ती ठरवायची. पारदर्शक फिल्मवर काळी बारीक चिकटपट्टी लावून ती रेघा काढायची. पट्टी ओढून गोल वळवायची तिची पद्धत तो कितीतरी वेळा शिकायला बसला. त्याची पट्टी प्रत्येक वेळी चुरगळायची.

तिची अट एकच होती. आपल्यासारख्या घराला घेता आलं पाहिजे. घरात टीव्ही असतोच, मग पडदा वेगळा कशाला. कॅसेट असतेच, मग दुसरं काही कशाला. तो एखादी चिप घालायला गेला की ती विचारायची, ही काय काम करते, आणि हिच्या शेजारची रिकामी का बसली आहे. पहिल्या बोर्डावर बेचाळीस चिपा होत्या. सहा वर्षांत त्या एकोणिसावर आल्या. खरं तर एकदा अठरावर आल्या होत्या, आणि तेव्हाच मशीनला भ्रम व्हायला लागला. गार असताना ठीक, पाऊण तासाने कचरा.

चार महिने ती दोघं त्यापायी हैराण होती. त्याने सगळ्या चिपा बदलल्या, वायरी बदलल्या, एकदा वैतागून टेबलाला लाथ मारली. दोष काही सापडेना. मग एका रविवारी त्याने तिला मेमरीचं काम पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मेमरीला पत्ता दोन तुकड्यांत सांगावा लागतो. आधी ओळ सांगायची, मग त्या ओळीतलं घर. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, थांब. आमच्याकडे कापड पसरताना दोघी दोन टोकांना असतात. एकीने धरलं असं म्हटल्याशिवाय दुसरी सोडत नाही. तुझा हा माणूस ती धरायच्या आधीच सोडतोय.

तसंच होतं. तापल्यावर चिपा जरा संथ होतात, आणि ओळ नीट ऐकून व्हायच्या आत घर येऊन धडकायचं. मग मेमरी भलत्याच घरात शिरायची. उपाय अगदी साधा निघाला. होकाराचा नकार करणारी एक साधी चिप मध्ये घालायची आणि निरोप तिच्यातून दोनदा न्यायचा. होकाराचा नकार होतो, नकाराचा पुन्हा होकार. निरोप तोच राहतो, फक्त जरा उशिरा पोचतो. तेवढ्यात मेमरीला दम खायला मिळतो. तिने त्या चिपेचं नाव ठेवलं दमधर. ती पूर्वी नवऱ्याला दिवसातून दहा वेळा दम धर म्हणायची. आता चिपेलाच सांगितलंय, तू सुटलास, असं ती म्हणाली.

शेवटची फिल्म तिने आजारपणात, पलंगावर मांडीवर फळी घेऊन पुरी केली, आणि सगळ्या फिल्म, मशीनचे बाकीचे सगळे कागद त्या नळीत गेले. साडूला दाखवू या का, त्याच्याकडे कारखाना आहे, असं नवऱ्याने तेव्हा सुचवलं होतं. ती नको म्हणाली. तो एक स्क्रू काढेल, म्हणाली.

त्याने स्क्रू काढला होता आणि चिपही काढली होती. कागदावर बघणाऱ्याला ती चिप काय दिसणार? आलेलं उलटं करते, पुन्हा सुलटं करते, म्हणजे काहीच करत नाही. फुकटची बसली आहे. काढा.

मांडीवर नळी घेऊन बसलेल्या मेकॅनिकच्या हे सगळं ध्यानात आलं, तेव्हा आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली. साडूच्या मशीनमध्ये काय बिघाड आहे हे जगात एकालाच ठाऊक होतं, आणि तो एकटा तोंड उघडणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्याने तीन स्क्रू परत लावून डबा त्यांच्या हातात दिला आणि हे दुरुस्त होत नाही, कारखान्यात परत करा, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, दुकानदार घेत नाही. तो म्हणाला, कारखान्याच्या फाटकावर जा आणि पैसे मिळेपर्यंत हलू नका. पत्ताही त्यानेच लिहून दिला.

पुढच्या महिन्यात तशी कितीतरी मशीनं त्याच्याकडे आली. प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं आणि तोच पत्ता दिला. एरवी दुपारी दुकान बंद करून तो पडायचा, आता तो बसनं साडूच्या कारखान्यापर्यंत जाऊन समोरच्या पानाच्या टपरीपाशी उभा राहू लागला. फाटकावर डबे घेतलेली माणसं दिसली की त्याला बरं वाटे. एकदा एका म्हाताऱ्याने पहारेकऱ्याच्या टेबलावर मशीन असं आपटलं की त्याची बटणं रस्त्यावर उडाली. त्यातलं एक बटण मेकॅनिकने उचलून खिशात ठेवलं.

कारखान्यात एक इंजिनीअर ठेवला होता. त्याने निदान केलं की मशीन तापतं, आणि आतमध्ये पंखा बसवला. मशीन महाग झालं आणि घरघरायला लागलं. पाऊण तासाच्या जागी सव्वा तासाने भ्रम होऊ लागला, एवढाच काय तो फरक. बाजारात लोक म्हणू लागले, याला आजारी माणसासारखा वारा घालावा लागतो. ते ऐकून मेकॅनिक दुकानात एकटाच मोठ्याने हसला, आणि आपलाच आवाज ऐकून दचकला.

असंच चाललं असतं तर साडूचा धंदा वर्षभरात बसला असता. मध्ये आली कात्री.

कात्री ही बायकोची कारखान्यातली मैत्रीण, कापड पसरताना दुसऱ्या टोकाला उभी राहणारी. तिला कात्री म्हणत ते कामामुळे की जिभेमुळे, यावर कारखान्यात दोन तट होते. ती एका गुरुवारी डबा घेऊन आली आणि काउंटरवर ठेवून म्हणाली, हे तुमच्या बायकोचं मशीन आहे ना?

मेकॅनिकने विचारलं, तुला कोणी सांगितलं?

कात्री म्हणाली, सांगायला कशाला हवं? तिने मला सहा वर्षं सांगितलंय. टीव्हीला लागतं, कॅसेटला लागतं, टीव्हीच्या निम्म्यात मिळतं. झाकण मी स्वयंपाकघरातल्या सुरीने काढलं. आत मुंढे दिसले.

त्याने मग तिला सगळं सांगितलं. नळी, साडू, अठरा चिपा, फाटकावरची माणसं, पंखा. सांगताना त्याला उत्साह आला. ती खूष होईल अशी त्याची अपेक्षा होती. ती ऐकून घेत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला नीट करता येतं आणि तुम्ही करत नाही."

"केलं की तो उघडून बघणार. एक नीट केलं की त्याला सगळं कळलं."

"कळू दे की."

"कळू दे काय? बुडवायचाय मला त्याला."

"तो कशाला बुडतोय. तो उद्या पुन्हा खेळणी करेल. बुडतंय ते हे." तिने डब्यावर बोट आपटलं. "आमच्याकडच्या पोरी काय म्हणतात ऐकायचंय? कुठल्या तरी अडाण्याने केलेलं दिसतंय. माझ्यासमोर म्हणतात. आणि मी गप्प बसते, कारण मला तरी काय ठाऊक, असेलही तिचं काही चुकलेलं."

मेकॅनिकला ते लागलं. इतकं लागलं की त्याने तिला दुकानातून जायला सांगितलं. ती गेली, पण डबा ठेवून गेली.

तो डबा दोन दिवस काउंटरवर होता. मेकॅनिकने त्याच्यावर फडकं टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने फडकं काढलं, सोल्डर तापवलं, आणि डबीतून एक साधी चिप घेतली. ती पालथी करून बोर्डाच्या कोपऱ्यात चिकटवली. मग तांब्याची एक रेघ पात्याने तोडली, आणि चार बारीक वायरी ओढून निरोप चिपेतून दोनदा फिरवून आणला. काम वीस मिनिटांचं. टीव्हीला जोडून त्याने मशीन चालू केलं आणि तो समोर बसून राहिला. पाऊण तास झाला. दोन तास झाले. दुपार उलटली, मशीन हाताला गरम लागू लागलं, आणि पडद्यावर अक्षरं जिथल्या तिथे होती. ती अक्षरंही तिनेच केली होती. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून.

बंद करून पुन्हा चालू केलं की पडद्यावर पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत साडूचं आडनाव यायचं. डब्यावरही तेच छापलेलं होतं. मूळ मशीनमध्ये त्या ओळीत नुसतं 'बोला' असं होतं, कारण कुणाकडे गेलं की लोक असंच म्हणतात, असं तिचं मत.

त्या आडनावाकडे बघताबघता त्याला सुचलं. साडूला वाचवल्याशिवाय मशीन वाचणार नसेल, तर साडूलाही असा वाचवायचा की त्याला ते जन्मभर बोचलं पाहिजे.

मशीनची सगळी अक्कल एका चिपेत भरलेली असते. ती पुसायचा निळा दिवा आणि नवी भरायचं यंत्र मेकॅनिककडे होतं. त्याने ती चिप काढून दिव्याखाली ठेवली, जुनं पुसलं, आणि सगळं पुन्हा भरलं, एक ओळ सोडून. संध्याकाळी कात्री आली तेव्हा त्याने काही न बोलता बटण दाबलं. पडद्यावर आधी त्याच्या बायकोचं नाव आलं, नुसतं तिचं, पुढे मागे कुणाचं नाही. त्याखाली आलं:

हे मशीन हिने केलं. चोरलं त्याचं नाव डब्यावर आहे.

कात्रीने ते दोनदा वाचलं आणि डब्यावरचं नाव वाचलं. ही ओळ घालवायची कशी, असं तिने विचारलं. घालवता येत नाही, असं त्याने सांगितलं. चांगलं आहे, म्हणाली.

त्याने दुकानावर पाटी लावली, मशीन फुकट नीट करून मिळेल. फाटकावरून हात हलवत परत आलेली माणसं त्याच्याकडे येऊ लागली. शाळेच्या बाई आल्या, म्हातारा आला, त्याला त्याचं बटणही मिळालं. प्रत्येकाला मेकॅनिक सांगायचा की चालू करताना एक ओळ दिसेल, चालत असेल तर करतो. नाही म्हणणारा कुणी निघाला नाही. बाई तर म्हणाल्या, वर्गात मुलांकडून वाचून घेईन.

सव्वा महिन्याने साडू आला. बगलेत नीट केलेलं एक मशीन. दुकानात तेव्हा बाई होत्या, कात्री होती, आणखी दोघं बाकावर वाट बघत होती. साडू म्हणाला, आत बसून बोलू. मेकॅनिक म्हणाला, आत जागा नाही. साडू मग उभ्यानेच, हळू आवाजात, गोड बोलू लागला. आता चूक त्याला कळली होती. नव्या बोर्डावर एकोणीस चिपा घेतल्या होत्या, पंखा काढला होता. विकलेली जुनी मशीनं तेवढी फाटकावर येत होती आणि ती नीट करणारा हात त्याच्याकडे नव्हता. मेकॅनिकने कारखान्यात यावं, सगळ्यांच्या वर बसावं. फक्त ती ओळ काढावी. आपण घरातली माणसं.

"घरातल्या माणसाने घरातूनच नेलं," मेकॅनिक म्हणाला.

"नेलं नसतं तर कपाटात पडून राहिलं असतं, साडूभाऊ. तुम्ही काढलं असतं का बाहेर? खरं सांगा. मी बाजारात आणलं. ताईंचं भलंच केलं मी."

यात तथ्य होतं, आठ महिन्यांत मेकॅनिकने ते कपाट एकदाही उघडलं नव्हतं. मग तो म्हणाला, "तर डब्यावर तिचं नाव का नाही?"

"बाईचं नाव बघून मशीन कोण घेतो?"

मग शाळेच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मी घेतलं असतं."

"मी तर ते नसतानाच तिचं म्हणून घेतलं," कात्री म्हणाली.

साडूच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यात मेकॅनिकने त्याला कधी तू म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

"कारखान्यात सगळ्यांसमोर उभा राहा आणि हे कुणी केलं ते सांग. डब्यावर तिचं नाव घाल. त्या दिवशी ओळ काढतो, आणि तुझी सगळी मशीनं नीट करून देतो. तुझा एक कप चहासुद्धा पिणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी आहे, माझं सोल्डर आहे. घरोघरी सकाळ-संध्याकाळ लोक वाचतील."

साडूने मशीन बगलेत मारलं. जाताना म्हणाला की माणूस गेल्यावर डोकं फिरतं असं ऐकलं होतं, आज बघितलं. मेकॅनिकने त्याला पायरी सांभाळ म्हणून सांगितलं, कारण पायरी खरोखरच मोडकी होती.

साडू बुडाला नाही. नवी मशीनं चांगली निघाली आणि खपू लागली, एकोणीस चिपांची, बिनपंख्याची, टीव्हीच्या निम्म्या किमतीत. तिला हवं होतं तसंच, एका आडनावाचा फरक सोडला तर. पण लग्नाकार्यात, भेटीगाठीत, साडू जिथे जाई तिथे कुणीतरी विचारी, ती ओळ तुमच्याबद्दल आहे का हो? तो घराबाहेर फारसा पडेनासा झाला, हे मेकॅनिकच्या कानावर आलं. त्याला ते गोड लागलं. पुन्हा पुन्हा लागलं.

मग एका दुपारी मेहुणी घरी आली. बायकोची धाकटी बहीण, साडूची बायको. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुंडाळी होती. ती ओट्यापाशी उभीच राहिली. म्हणाली, "भावजी, फिल्म आणल्यात. त्यांना ठाऊक नाही."

त्याने गुंडाळी घेतली. मेहुणी म्हणाली की आता ती ओळ काढा, मला शेजारीपाजारी तोंड दाखवता येत नाही. त्याने सांगितलं की डब्यावर नाव आलं की काढतो. तिने हट्ट केला नाही. जायला वळली आणि दारात थांबली.

"तुम्हाला वाटतं ते चार दिवसांत नेलं. तसं नाही ते. ताई दवाखान्यात होती आणि किल्ली आमच्याकडे होती, तेव्हाच नेलं. पिशवी मी धरली होती. ताईने मला विचारलं होतं, नळी जागेवर आहे ना गं? मी हो म्हणाले."

मेकॅनिकने गुंडाळी टेबलावर ठेवली. बायकोने त्यालाही विचारलं होतं. शेवटच्या आठवड्यात, तिला घरी आणल्यावर, दोनदा. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, आहे गं, जागेवरच आहे, कुठे जाते. कपाट उघडून बघायला त्याला चार पावलं टाकावी लागली असती. ती त्याने टाकली नव्हती. एवढे दिवस साडूचा राग करायला किती सोपं गेलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. राग त्याने सोडला नाही. त्यात आणखी एक माणूस धरला, तो स्वतः, एवढंच.

मेहुणीला त्याने बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. ती गेली.

त्याने टेबल पुसून फिल्म पसरल्या. सगळे मुंढे होते. फक्त उजव्या कोपऱ्यात, दमधर होती तिथली पट्टी कुणीतरी पात्याने खरवडून काढली होती. फिल्मवर ओरखडे होते आणि जुन्या डिंकाचा पिवळा डाग. दोन्ही बाजूंच्या रेघा तिथपर्यंत गोल येऊन थांबल्या होत्या.

खणात तिची काळी पट्टी होती. त्याने रीळ काढलं, वीतभर पट्टी ओढली आणि वळवायला गेला. ती चुरगळली. दुसरी घेतली, तीही चुरगळली.

त्याला आता सहा महिने झाले. सव्वातीनशे मशीनं नीट झाली आहेत आणि त्या सगळ्यांवर ती ओळ आहे. चौदाशेच्या आसपास अजून लोकांच्या घरात अठरा चिपांवर चालली आहेत. डब्यावर नाव साडूचंच आहे. फिल्मच्या कोपऱ्यातली, दमधरच्या सात रेघांची जागा भरायची राहिली आहे.